बोट कुठवर गेलं

ओळखीने काम पटकन होतं, असं लोक म्हणतात. होतंच. कधी कधी नको तितकं पटकन होतं.

सिस्टर ज्या छोट्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत काम करायची, तिथे तिच्या शब्दाला वजन होतं. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत हवा तो चिमटा त्यांच्या तळहातावर पडायचा. ही बाई नसेल त्या दिवशी मी कात्रीसुद्धा उलटी धरतो, असं डॉक्टर येईल त्याला सांगायचे. त्यामुळे तिच्या नवऱ्याच्या उजव्या मांडीला मागून लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा त्याच्यावर रांगेत बसायची वेळ आली नाही. डॉक्टरांनी गाठ दोन बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "चरबीची आहे. आपलाच माणूस. दोन ऑपरेशनांच्या मध्ये उरकून टाकू." फोटो नाही, तपासणी नाही, साधा केसपेपरसुद्धा नाही. परक्या माणसाच्या अंगावरची चामखीळ काढली तरी सिस्टर ती औषधाच्या बाटलीत घालून, वर नाव लिहून तपासायला पाठवायची. घरच्या माणसाला मात्र एवढी सवलत मिळाली, की त्याच्या वाट्याला बाटलीही आली नाही.

त्या संध्याकाळी तो लंगडत, पण हसत घरी आला. सासूबाईंनी लगेच नणंदेला फोन लावला. "सून असावी तर अशी. काटा काढावा तशी गाठ काढून दिली हो." सिस्टरने भांडी आवरता आवरता ते ऐकलं आणि मनातल्या मनात ती चांगली फुशारली. आता लपवून काय उपयोग.

गाठ परत आली. त्याच व्रणाखाली, हिवाळा सरता सरता, आणि या खेपेला मुठीएवढी.

मग धावपळ सुरू झाली. मोठं रुग्णालय, मोठ्या यंत्रातले फोटो, जाड सुईने काढलेला मांसाचा बारीक तुकडा, आणि तो पाहणाऱ्यांनी दिलेलं नाव: सार्कोमा. स्नायू, चरबी, नसांची वेष्टनं अशा मऊ मांसात होणारा कर्करोग, इतका क्वचित होणारा की सिस्टरने उभ्या नोकरीत एकही पाहिला नव्हता. निदान तिला तसं वाटत होतं. पाहिला होता. स्वतःच्या हाताने दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला होता.

ज्या बाईंकडे त्यांना पाठवलं, त्यांना सगळं रुग्णालय 'गाठीच्या मॅडम' म्हणायचं. सडपातळ, पिकल्या केसांच्या, खिशात सदा एक जाड मार्कर. तपासायच्या टेबलावर अंथरलेल्या कागदावरच त्या चित्र काढून समजावायच्या. त्यांनी आधी मांडी तपासली, मग फोटो पाहिले, मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"पहिल्या गाठीचा रिपोर्ट?"

"केला नाही," सिस्टर म्हणाली.

"मग गाठ कुठे आहे? बाटलीत असेल तरी चालेल. आम्ही इथे तपासू."

"टाकून दिली."

मॅडमनी मार्करचं टोपण लावलं. "तुम्ही सिस्टर आहात ना?"

नवराच मध्ये पडला. "चूक माझी आहे, मॅडम. मला कामावर जायची घाई होती."

त्याचं काम म्हणजे इमारतींच्या साइटवरची उंच क्रेन. भल्या सकाळी शिडीने वर जायचं, काचेच्या खोक्यात बसायचं आणि खालच्या माणसांच्या डोक्यावरून लोखंडाचे भारे न्यायचे. साइटवर त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. तो 'वरचा'. वाळू कधी उतरणार? वरच्याच्या मनात येईल तेव्हा. आज सुट्टी लवकर होईल का? वरच्याला विचार. हा विनोद इतका जुना झाला होता की आता कुणी हसतही नसे. पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि घरी सासूबाईसुद्धा रागावल्या की म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा तो खरा वरचा बरा, निदान कधीतरी ऐकतो."

मॅडमनी कागदावर एक गोल काढला, त्यात छोटे गोल, आणि मधोमध एक जाड ठिपका.

"ही मांडी, आडवी कापली तर दिसेल तशी. हे मागचे स्नायू. हा ठिपका म्हणजे पायाची मोठी नस. कमरेतून निघते, मांडीच्या मागून पावलापर्यंत जाते. पाऊल हलतं ते तिच्यामुळे, आणि पावलाला काही कळतं तेही बहुतेक तिच्यामुळेच." त्यांनी ठिपक्याच्या बाजूला रेघोट्या मारल्या. "गाठ इथे आहे. आता नीट ऐका. सार्कोमा अख्खा असतो तोवर एका जागी बसून असतो. फुटला की त्याचा चिखल होतो. पहिल्या वेळी गाठ अख्खी निघाली असेल, तर मी व्रण, ही नवी गाठ आणि भोवतालचं चांगलं मांस काढीन. नस वाचेल. पण ती आत फुटली असेल आणि कुणी बोट घालून उकरून काढली असेल, तर ते बोट जिथवर गेलं तिथवर चिखल लागला असं मला धरावं लागेल. मग तिथवरचं सगळं काढायचं. नसेसकट."

"आणि नाही काढलं तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर ती तिसऱ्यांदा येईल. तेव्हा ती मांडीत थांबेलच असं नाही. ही पोरं छातीत जातात."

मॅडम त्या रोगाला पोरं म्हणाल्या, याचा सिस्टरला विलक्षण राग आला. मॅडमनी तोवर दवाखान्याच्या डॉक्टरांचा नंबर विचारून फोन लावलासुद्धा होता, आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला होता.

"अख्खी निघाली हो," डॉक्टरांचा आवाज आला, अगदी मोकळा, नेहमीसारखा. "वरवरच होती. तुमच्या समोर आमच्या सिस्टर असतील ना? त्या होत्या हाताखाली. विचारा त्यांना."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "अख्खी निघाली?"

सिस्टरने मान हलवली. हो.

एवढंच झालं. तोंडातून शब्दही काढला नाही, नुसती मान. पण मान हलताना तिच्या डोळ्यांपुढे ती दुपार जशीच्या तशी उभी होती. गाठ वरवर नव्हतीच. स्नायूवरचा पांढरा पडदा कापल्यावर ती खाली दिसली, करडी, बुळबुळीत. डॉक्टरांनी चिमट्याने धरताच ती फुटली. "अरेच्चा, फुटली वाटतं," ते म्हणाले. मग त्यांनी बोट आत सारलं, वर, नितंबाच्या दिशेने, आणि बोटाने खरवडून उरलंसुरलं बाहेर काढलं. त्याच वेळी नवऱ्याच्या पायाचा अंगठा टुणकन उडाला. "लागलं का?" डॉक्टरांनी विचारलं. पालथ्या पडलेल्या नवऱ्याने टेबलाची कड धरली होती. "नाही, चालू द्या," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता. सिस्टरने औषधाची बाटली हातात घेतली होती, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चरबीच आहे गं, कशाला उगाच." आणि तिने बाटली परत फळीवर ठेवली.

मॅडमच्या खोलीतून बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "नस वाचेल म्हणाल्या."

"हो."

"बरं झालं."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. चारचौघांत ती त्याला अहो-जाहो करायची आणि घराचं दार लागलं की अरे-तुरे. त्या दिवशी घरी पोचल्यावरही तिच्या तोंडून 'अहो' निघालं. "अहो, पाणी घेता?" तो चमकला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात तिने डॉक्टरांना गाठलं. हात धूत होते ते.

"सर, मॅडमना फोन करा. फुटली होती म्हणून सांगा. कुठवर बोट घातलं तेही सांगा."

"आणि मग?" डॉक्टरांनी कोपराने नळ बंद केला. "मग त्या नस कापतील. तुझा नवरा क्रेन चालवतो ना? पाऊल लुळं घेऊन शिडी चढणार आहे का तो?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उलट समजूत घालावी तसा मऊ होता, आणि तेच तिला असह्य झालं. "माझी काय, फार तर नाचक्की होईल. पण काल फोनवर तूही 'फुटली' असं म्हणाली नाहीस ना? मी तुझ्यासाठीच तसं बोललो, आणि तुलाही ते पटलं. आता मागे फिरून काय मिळणार?"

"बोट कुठवर गेलं होतं, सर?"

"आता ते कुणाला आठवतंय?"

खोटं नव्हतं ते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती चरबीची गाठ होती, आणि चरबीच्या गाठीत बोट कुठवर गेलं हे कोण लक्षात ठेवतं? सिस्टर ट्रॉलीवर कात्र्या मांडू लागली. तिचे हात आपलं काम बिनचूक करत होते, आणि तिला त्या हातांचीच किळस आली.

ऑपरेशनची तारीख मिळाली. घरात सासूबाईंनी एकदम बोलणंच कमी केलं, जेवायला बसलं की मुलाच्या ताटाकडे बघत राहायच्या. रोज नणंदेचा फोन यायचा आणि रोज सासूबाई एकच वाक्य सांगायच्या, "पाय वाचतोय गं, पाय वाचतोय." सिस्टर ते वाक्य ऐकायची आणि मनाशी हिशेब मांडायची. कदाचित चिखल लागलाच नसेल. भरपूर पाण्याने धुतलं होतं की. कदाचित बोट फार वर गेलंच नसेल. कदाचित, कदाचित. ज्या बाईने उभा जन्म बाटल्यांवर नावं चिकटवली, ती आता 'कदाचित'वर नवऱ्याचा जीव टांगून बसली होती.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तो म्हणाला, "चल, क्रेन बघून येऊ."

साइटला सुट्टी होती. मुकादम ओळखीचा, त्याने फाटक उघडलं. "एकदा वर जाऊन येऊ का?" नवऱ्याने विचारलं. मुकादमाने आधी सिस्टरकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "वरच्याला कोण अडवणार?" तो म्हणाला, आणि या वेळी विनोदाला कुणीतरी हसलं. नवराच हसला.

तो चढला. सिस्टर खाली मान वर करून उभी राहिली. शिडी लोखंडी, पिंजऱ्यातून सरळ वर जाणारी. तो खाली बघत नव्हता. हात वर, नजर वर, आणि पाय मात्र आपले आपण पायरी शोधत होते. उजवं पाऊल मागे जायचं, हवेत क्षणभर थांबायचं, बुटाच्या तळव्याने लोखंड चाचपायचं, आणि मग त्यावर भार पडायचा. ठणकणारी मांडी घेऊनसुद्धा एकदाही चुकलं नाही.

खाली आल्यावर त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा मात्र मुलासारखा उजळला होता. "बघितलंस? खाली बघावं लागत नाही. पायाला दिसतं."

ती रडायला लागली. मुकादम पाठ फिरवून उगाच फाटकाची कडी तपासू लागला.

"अगं, वेडी की काय? नस वाचतेय ना?"

ती हो म्हणाली. दुसऱ्यांदा हो म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याला दाखल केलं. दुपारी मॅडम खोलीत आल्या. खिडकीतून ऊन थेट पलंगावर पडलं होतं. नवरा पालथा झोपला, सिस्टरने चादर सारली, आणि मॅडमनी खिशातून मार्कर काढला.

त्यांनी जुन्या व्रणाभोवती लांबट वळसा काढला. पहिल्या वेळी आतलं रक्त-पाणी वाहून जायला लावलेली नळी जिथून बाहेर काढली होती, त्या बारक्या डागालाही वळशात घेतलं. मग बोटांनी मापून वरची हद्द ठरवली आणि तिथे आडवी रेघ मारली. "इथे थांबेन," त्या म्हणाल्या.

रेघ व्रणाच्या वर जेमतेम तळहातभर होती. सिस्टर त्या रेघेकडे पाहत राहिली. डॉक्टरांचा हात तिच्या डोळ्यांपुढे आला. मूठ मांडीवर टेकलेली, मधलं बोट आत, पूर्ण आत. रेघ कमी पडत होती. किती कमी ते तिला माहीत नव्हतं, पण कमी पडत होती.

तिला दोन गोष्टी एकदम दिसल्या. शिडीवर हवेत थांबलेलं पाऊल. आणि कुठल्याशा पुढच्या वर्षीचा छातीचा फोटो, पांढरे ठिपके असलेला.

"मॅडम, थांबा," ती म्हणाली. "फुटली होती."

मॅडमचा हात तसाच राहिला.

"आत फुटली होती. पडद्याच्या खाली होती. सरांनी बोट घालून उकरून काढली. मी खोटं बोलले." पुढचं वाक्य तिला दोनदा सुरू करावं लागलं. "मला वाटलं, पाऊल वाचेल."

पालथा पडलेला नवरा हलला नाही. मॅडमनी मार्करला टोपण लावलं आणि काढलं. "रागवायचं आहे मला तुमच्यावर," त्या म्हणाल्या, "पण ते उद्या ऑपरेशन झाल्यावर. बोट कुठवर गेलं?"

"वर गेलं. नसेच्या बाजूने."

"वर म्हणजे कुठवर?"

"दिसलं नाही. सरांचा हात आड होता."

"तुमच्या सरांना ठाऊक असेल?"

"विचारलं मी. त्यांना आठवत नाही."

मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. पेशंटच्या पलंगावर बसायची त्यांना सवय नसावी, कारण त्या अवघडून बसल्या. "मग ऐका. फोटोत वर एक धूसर रेघ आहे. व्रणाची म्हणून मी सोडून दिली होती. ती खरंच व्रणाची आहे की दुसरं काही, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. बोट कुठवर गेलं हे कळलं नाही, तर मला सगळ्यांत वाईट तेच धरावं लागेल. अगदी वर, खुब्यापर्यंत. तेवढं सगळं काढल्यावर जे उरतं त्याला पाय म्हणत नाहीत. ते ठेवण्यात अर्थ नसतो."

बाहेर ट्रॉलीची चाकं खडखडत गेली. सिस्टरला वाटलं, नस गेली तरी जीव वाचावा म्हणून आपण खरं बोललो, आणि आता अख्खा पायच चालला. तिने पलंगाचा दांडा धरला.

"तो मार्कर द्या इकडे," उशीतून आवाज आला.

"काय?"

नवऱ्याने हात मागे केला आणि पंजा उघडला. मॅडमनी गोंधळून मार्कर त्यात ठेवला. त्याने न पाहता मांडी चाचपली, व्रण सापडला, तिथून बोटं वर सरकवत नेली. रेघ ओलांडली. आणखी वर. नितंबाच्या वळीच्या किंचित खाली थांबला, दाबून पाहिलं, आणि तिथे एक ठिपका काढला.

"इथवर," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"सुईने सुन्न केलं होतं ते खाली. वर नव्हतं. बोट इथे आलं आणि विजेचा झटका बसावा तसं लागलं, पार अंगठ्यापर्यंत. त्याच्या पुढे नाही गेलं. पुढे गेलं असतं तर मी टेबलावरून उठलोच असतो."

मॅडमनी वाकून ठिपक्याला बोट लावलं. मग उठून भिंतीवरच्या पडद्यावर फोटो लावला, धूसर रेघेचं वरचं टोक गाठलं, पट्टीने मापलं, परत येऊन मांडीवर मापलं.

"जुळतंय," शेवटी म्हणाल्या. "याच्या चार बोटं वर मी थांबू शकते. नस जाईल. पाय राहील. मांडीचे पुढचे स्नायू गुडघा सांभाळतील, पट्टा बांधून, काठी घेऊन चालाल. पण पाऊल हलणार नाही, आणि त्याला काही कळणार नाही. शिडी नाही. समजतंय का तुम्हाला?"

"समजतंय."

"एवढं लागलं होतं, तर तेव्हा ओरडला का नाहीत?" मॅडमचा आवाज एकदम चढला. तो राग उद्यासाठी ठेवलेला होता, पण आजच निघाला. "ओरडला असता तर त्या माणसाने बोट काढलं असतं!"

नवऱ्याने उशीवर मान वळवली. आता त्याचा चेहरा सिस्टरला दिसला. कानापर्यंत लाल झाला होता.

"हिचा दवाखाना," तो म्हणाला. "हिच्या साहेबांसमोर, हिच्या मैत्रिणींसमोर हिचा नवरा बोंबलतोय, असं कसं दिसलं असतं? तिथे हिला मान आहे."

सिस्टर त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं? फोन झाला तेव्हा?" मॅडम समोर होत्या, पण 'अहो' तिला सुचलंच नाही.

"जागाच होतो की मी. 'फुटली वाटतं' हे मीही ऐकलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू मान हलवलीस. म्हटलं, ही माझ्यासाठी खोटं बोलतेय, तर मी हिला खोटी कशी पाडू?" मग थोडं थांबून, हळूच, "आणि मलाही पाऊल हवं होतं गं. देव शप्पथ, फार हवं होतं."

मॅडमनी जुनी रेघ स्पिरिटने पुसली आणि ठिपक्याच्या चार बोटं वर नवी मारली. मग खोलीतून निघून गेल्या आणि जाताना दार लोटून घेतलं.

सकाळी त्याला नेण्याआधी सिस्टरने त्याचा उजवा तळवा नखाने खाजवला. त्याने पाय झटकला. "गुदगुल्या होतात." तिने परत खाजवला. तो परत ओरडला. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारात येऊन उभा राहिला तरी ती खाजवतच होती, आणि तो पाय झटकतच होता. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वॉर्डबॉयला वाटलं ही दोघं हसताहेत.

ऑपरेशन दुपार टळेपर्यंत चाललं. सासूबाई बाहेरच्या बाकावर पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. सुनेने त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्या तिच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पण तिच्यापासून दूरही बसल्या नव्हत्या.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. "त्यांनी दाखवलं होतं तिथे," त्या म्हणाल्या, "नसेला चिकटून दाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. लगेच तपासलं. तेच आहे. कालच्या पहिल्या रेघेवर थांबले असते, तर ते आत राहिलं असतं. नसेचं वरचं कापलेलं टोकही तपासलं. ते स्वच्छ आहे." मग त्यांनी हातमोज्यांच्या पावडरने पांढरी झालेली बोटं एकमेकांवर चोळली. "पुढचं मी सांगू शकत नाही. घाव भरला की किरणं द्यायची. छातीचे फोटो काढत राहायचे."

"काढलेलं सगळं बाटलीत घातलं?" सिस्टरने विचारलं. "नाव लिहिलं वर?"

"दोरे बांधून, कुठली बाजू वर, कुठली खाली, सगळं लिहून," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर हात ठेवला. रागवायचं त्या विसरल्या, की त्यांनी सोडून दिलं, कोण जाणे.

संध्याकाळी त्याला खोलीत आणलं. मांडी पट्ट्यांनी गुंडाळलेली, बाजूला नळी. सिस्टर पायथ्याशी स्टूल घेऊन बसली आणि चादरीखाली हात घालून तिने उजवं पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं. ते गरम होतं. रंग चांगला होता. अंगठा दाबला की पांढरा व्हायचा आणि सोडला की लाल. सगळं होतं त्याच्यात. तिने नखाने तळवा खाजवला. पाऊल जागचं हललं नाही.

त्याने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, मग पायथ्याशी. चादर उंचावलेली त्याला दिसली.

"अगं," तो जड जिभेने म्हणाला, "पाऊल धरलंयस का?"

"हो."

"कधीपासून?"

"तुला आत आणल्यापासून."

तो डोळे मिटून पडून राहिला. तिला वाटलं, परत झोपला. मग त्याचे ओठ हलले.

"यापुढे धरशील तेव्हा सांगत जा," तो म्हणाला. "मला कळणार नाही."

"धरलंय," ती म्हणाली. "आत्ता धरलंय."